लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी हातात धरायचा लॅप काउंटर : एक परीक्षण

१५०० मीटर फ्रीस्टाइल म्हणजे ५० मीटरच्या तलावात ३० लेंग्थ (तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदा पोहणे म्हणजे एक लेंग्थ) आणि २५ मीटरच्या तलावात ६०. ही शर्यत पोहणाऱ्याचे डोके जवळजवळ पूर्ण वेळ पाण्यात असते, कानांवर टोपी घट्ट बसलेली असते, डोळ्यांसमोर तळावरची तीच काळी रेघ असते, आणि निम्मे अंतर सरता सरता थकव्यामुळे मनातली मोजदाद विस्कटू लागते. किती पोहून झाले आणि किती उरले हे त्याला बाहेरून कोणीतरी दाखवावे लागते. पूर्वी फिना या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्सच्या नियमांनीही ८०० आणि १५०० मीटरच्या वैयक्तिक शर्यतींत हे काम काठावरच्या टर्न जजकडे, म्हणजे भिंतीपाशी घेतलेली वळणे (टर्न) तपासणाऱ्या पंचाकडे, सोपवले आहे. त्या जजच्या हातातले साधन, म्हणजे आकड्यांची पाने उलटता येणारा प्लास्टिकचा लॅप काउंटर, हा या परीक्षणाचा विषय आहे. आमच्या क्लबने प्रत्येक लेनसाठी एक असे हे काउंटर घेतले असून सरावातल्या वेळचाचण्यांपासून जिल्हा पातळीवरच्या स्पर्धांपर्यंत ते आम्ही वापरत आलो आहोत. माझे मत आधीच सांगते : वस्तू उत्तम आहे आणि लांब पल्ल्याची मुले तयार करणाऱ्या प्रत्येक क्लबकडे ती असायला हवी. मात्र ती ज्या मोजणीसाठी घडवली गेली आहे ती मोजणी आपली नाही, आणि हे ध्यानात न घेता ती वापरली तर तिच्यामुळेच शर्यत बिघडू शकते.

काउंटरची रचना साधी आहे. लांब मूठ असलेली प्लास्टिकची चौकट, तिच्यात शेजारी शेजारी पानांचे दोन संच, डावीकडे दशक आणि उजवीकडे एकक, आणि पाने उलटता यावीत म्हणून वर कड्या. आकडे हाताच्या तळव्यापेक्षा मोठे, उजळ पार्श्वभूमीवर काळे. एककाच्या पानांवर फक्त १, ३, ५, ७ आणि ९ असतात, कारण काउंटर सुरुवातीच्या विरुद्ध टोकाला धरला जातो आणि त्या टोकाला जलतरणपटू नेहमी विषम लेंग्थ संपवूनच पोहोचतो. याशिवाय आकडा नसलेले, सबंध केशरी रंगाचे एक पान असते. चौकटीला भोके ठेवलेली असतात, त्यामुळे काउंटर पाण्यात बुडवताना पाणी आरपार जाते आणि मनगटाला झटका बसत नाही. ही भोके किती महत्त्वाची आहेत हे तीन-चार हीट (एकाच शर्यतीच्या गटवार फेऱ्या) सलग काठावर वाकून काढणाऱ्यालाच कळते. स्थानिक कारागिराकडून बनवून घेतलेले सपाट अ‍ॅक्रिलिकचे फलक आम्ही वापरून पाहिले होते. पाण्यात शिरताना ते वाकडे वळतात आणि नेमक्या क्षणी आकडा पोहणाऱ्याकडे न राहता भिंतीकडे फिरतो.

हा नेमका क्षण किती लहान असतो ते पाहिले म्हणजे आकड्यांच्या आकाराबद्दल एवढा आग्रह का, हे स्पष्ट होईल. तळावरची काळी रेघ भिंतीच्या २ मीटर अलीकडे संपते आणि तिथे एक आडवी पट्टी असते. त्या पट्टीपाशी आल्यावर पोहणारा टर्नच्या तयारीला लागतो. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये बॉबी फिंकने १५०० मीटरचा विश्वविक्रम १४ मिनिटे ३०.६७ सेकंदांत केला, म्हणजे तो सरासरी एका सेकंदाला १.७ मीटरपेक्षा थोडे अधिक अंतर कापत होता. त्या वेगाने शेवटचे २ मीटर सव्वा सेकंदही टिकत नाहीत. आपल्याकडे २० मिनिटांत १५०० मीटर पोहणाऱ्या मुलामुलींना थोडा जास्त अवधी मिळतो, पण तोही दीड-दोन सेकंदांचाच, आणि तेवढ्यात मान वर न काढता, श्वासाची लय न मोडता, गॉगलमधून आकडा वाचायचा असतो. या कसोटीवर हा काउंटर पूर्णपणे उतरतो. स्वच्छ पाण्यात आकडे लांबूनच दिसतात. पाणी किंचित गढूळ असले किंवा सायंकाळी दिव्यांचा उजेड कमी पडला, तरी काळ्या-पिवळ्यातला फरक टिकून राहतो. उघड्या तलावावर दुपारच्या उन्हात मात्र चकचकीत पृष्ठभागाची पाने चमकतात आणि काउंटर पाण्याच्या वर धरला तर आकडा दिसेनासा होतो. म्हणून घेताना खरखरीत, मंद पृष्ठभागाची पाने मागून घ्यावीत, आणि उन्हात काउंटर अर्धा तरी बुडवूनच धरावा.

आता मूळ अडचणीकडे येते. बाजारात मिळणारे बहुतेक काउंटर अमेरिकी शाळा-कॉलेजांच्या स्पर्धा डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले आहेत. तिथले तलाव २५ यार्डांचे असतात. ५०० यार्डांची शर्यत २० लेंग्थची आणि १६५० यार्डांची ६६ लेंग्थची, म्हणून आकडे ६५ पर्यंत. तिथे मोजणारा बहुधा पोहणाऱ्याच्याच संघातला सहकारी असतो, तो आकडे चढत्या क्रमाने दाखवतो, आणि शेवटची लेंग्थ उरली की केशरी पान पुढे करतो. तो काउंटर जोरजोरात हलवून मित्राला वेग वाढवण्याची खूणही करतो, आणि तिथल्या प्रथेत ते चालून जाते. वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्सच्या नियमाने चालणाऱ्या स्पर्धांत, म्हणजे आपल्या राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांतही, काउंटर पंचाच्या हातात असतो आणि त्यावर उरलेल्या लेंग्थचा विषम आकडा दाखवायचा असतो. ५० मीटरच्या तलावात १५०० मीटरला पहिले पान २९ चे, मग २७, २५ असे उतरत शेवटी १. ८०० मीटरला १५ पासून १ पर्यंत. २५ मीटरच्या तलावात १५०० मीटरला सुरुवात ५९ पासून होते आणि एका शर्यतीत ३० आकडे दाखवावे लागतात.

उरलेले अंतर दाखवण्याची ही पद्धत मला अधिक माणुसकीची वाटते आणि तिच्या बाजूने मी ठामपणे बोलेन. दमलेल्या मुलीला ‘२१’ हा चढता आकडा दाखवला तर तिला ३० मधून २१ वजा करावे लागतात. ‘९’ हा उतरता आकडा पाहिला की तिला काहीच करावे लागत नाही, तिला कळते की आता ४५० मीटर उरले. वजाबाकी सोपी आहे हे खरे, पण शर्यतीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात सोपी वजाबाकीही अवघड होते. शिवाय उतरत्या आकड्यांवर शर्यतीची आखणी करणे प्रशिक्षकांनाही सोयीचे जाते. ‘७ दिसल्यावर पाय वाढव’ ही सूचना दहा-बारा वर्षांच्या मुलालाही नीट समजते.

मात्र चढत्या क्रमासाठी बनवलेली पाने उतरत्या क्रमाने उलटताना हाताची चाल उलटी होते, आणि या काउंटरचा सर्वांत मोठा दोष इथे उघड होतो. पुढचे पान मागे टाकायचे असेल तर ते आपल्या वजनाने पडते. मागचे पान पुढे आणायचे असेल तर ते बोटाने उचलावे लागते, आणि ओली पाने पाण्याच्या थराने एकमेकांना चिकटतात. एक पान उचलताना दोन येतात, आणि २५ ऐवजी २३ समोर येतो. २१ वरून १९ वर आणि ११ वरून ९ वर जाताना तर दोन्ही संच एकदम बदलावे लागतात. माझ्या पाहण्यात बहुतेक गोंधळ याच दोन ठिकाणी झाले आहेत : एककाचे पान बदलते, दशकाचे तसेच राहते, आणि पोहणाऱ्याला १९ ऐवजी २९ किंवा ९ ऐवजी १९ दिसतो. असा ढळढळीत चुकीचा आकडा तो मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. दोनने चुकलेला आकडा मात्र त्याला खरा वाटतो, म्हणून तोच अधिक घातक.

याचा परिणाम काय होतो ते जिल्हा पातळीवरच्या एका स्पर्धेत मी जवळून पाहिले आहे. एका लेनमध्ये मधले एक पान निसटले आणि तिथून पुढचा प्रत्येक आकडा दोनने कमी दिसत राहिला. सुरुवातीच्या टोकाच्या पंचाने स्वतःची नोंद न पाहता समोरच्या फलकावर विसंबून घंटा वाजवली. नियमाप्रमाणे जलतरणपटूला दोन लेंग्थ आणि ५ मीटर उरलेले असताना सुरुवातीच्या टोकाला शिटी किंवा घंटेने इशारा द्यायचा असतो आणि टर्ननंतर जलतरणपटू लेनच्या दोरीवरच्या ५ मीटरच्या खुणेपर्यंत पोहोचेतोवर तो पुन्हा देता येतो. त्या मुलीने घंटा ऐकली, उरली होती नव्हती ती ताकद लावली, आणि १४०० मीटरवर भिंतीला हात लावून थांबली. काठावरून आरडाओरडा झाल्यावर ती पुन्हा निघाली आणि राहिलेले १०० मीटर तिने रडत पूर्ण केले. तिचा वेळ गेला, क्रमांक गेला आणि त्यात तिचा तिळमात्र दोष नव्हता. मुलांच्या शर्यतीत मोठ्यांच्या हातून असे होऊ नये याची काळजी आपल्याला घेता येते, आणि म्हणूनच मी या वस्तूबद्दल इतके सविस्तर लिहीत आहे.

उपाय खर्चाचे नाहीत. नवे काउंटर आल्यावर आम्ही प्रत्येक पानाचा खालचा कोपरा वेगवेगळ्या उंचीवर किंचित कापून घेतला, त्यामुळे बोटाला एकच पान लागते. शर्यत सुरू होण्याआधी पाने २९ किंवा १५ वर आणून, सगळ्या लेनचे काउंटर एकाच वेळी मुख्य टर्न जजला दाखवायचे, असा शिरस्ता ठेवला. जलतरणपटू टर्न घेऊन निघाला की लगेच पुढचा आकडा लावायचा, तो परत येताना नाही, कारण ५० मीटरच्या तलावात तो पुन्हा या टोकाला येईपर्यंत मुलांच्या गतीने मिनिटभराहून अधिक वेळ असतो आणि तेवढ्यात आकडा दोनदा तपासून होतो. २५ मीटरच्या तलावात हा अवधी निम्म्यावर येतो. फ्लोरियन वेलब्रॉकने २०२१ मध्ये अबू धाबीला छोट्या तलावातला १५०० मीटरचा विश्वविक्रम १४ मिनिटे ६.८८ सेकंदांत केला, तेव्हा त्याच्या लेनच्या टोकाला दर २८ सेकंदांनी आकडा बदलत होता, हे गणित सहज मांडता येते. तशा वेगात पान चिकटले तर ते सोडवायला सवड नसते.

सर्वांत महत्त्वाचा उपाय मात्र काउंटरच्या बाहेर आहे आणि तो म्हणजे कागद. मोजणाऱ्याच्या शेजारी दुसरी व्यक्ती हवी, तिच्याकडे उरलेल्या आकड्यांचा छापील तक्ता हवा, आणि जलतरणपटू भिंतीशी आला की त्या आकड्यापुढे तिने चालू घड्याळातली वेळ लिहायला हवी. नुसती खूण करून भागत नाही. वेळ लिहिलेली असली की चूक आपोआप उघडी पडते : एखादी मुलगी दर १०० मीटरला १ मिनिट २० सेकंद घेत असेल आणि दोन नोंदींत एकदम २ मिनिटे ४० सेकंदांचे अंतर दिसले तर मधली एक नोंद राहून गेली आहे, आणि १०० मीटर ४० सेकंदांत पोहलेले दिसले तर एक नोंद जास्तीची झाली आहे. फलक आणि कागद यांत फरक पडला तर कागद खरा मानून फलक दुरुस्त करावा. घंटा वाजवणाऱ्या पंचानेही आपल्या टोकाचा स्वतंत्र तक्ता ठेवावा आणि समोरच्या फलकाकडे पाहून घंटा वाजवू नये. दोन टोकांना दोन स्वतंत्र नोंदी असाव्यात असे नियमांनीच ठरवले आहे आणि ते अतिशय शहाणपणाचे आहे.

जिथे इलेक्ट्रॉनिक टच पॅड (भिंतीला लावलेली, स्पर्श होताच वेळ नोंदवणारी पाटी) आहेत तिथे काउंटर हाताळताना आणखी एक पथ्य पाळावे लागते. २.४ मीटर रुंद आणि ०.९ मीटर उंच असा हा पॅड पाण्याखाली ६० सेंटिमीटरपर्यंत गेलेला असतो. काउंटरची चौकट त्यावर आपटली तर खोटा स्पर्श नोंदला जाण्याचा धोका असतो, म्हणून काउंटर भिंतीपासून थोडा दूर आणि लेनच्या मध्यापासून किंचित बाजूला धरावा, आणि जलतरणपटूने कोलांटी घ्यायला डोके खाली घातले की उचलून घ्यावा. मूठ लांब असल्यामुळे हे जमते. आखूड मुठीचे काउंटर घेऊ नयेत, त्यांनी पंचाला काठावर जवळजवळ आडवे व्हावे लागते.

यापेक्षा प्रगत साधने नाहीत असे नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपासून ओमेगाने पाण्याखाली ठेवायचे डिजिटल फलक आणले. टच पॅडला स्पर्श झाला की त्यांवरचा आकडा आपोआप बदलतो, पान चिकटण्याचा प्रश्नच राहत नाही. महिलांची १५०० मीटर शर्यत ऑलिंपिकमध्ये प्रथमच टोकियोत, २०२१ मध्ये झाली आणि केटी लेडेकीने ती १५ मिनिटे ३७.३४ सेकंदांत जिंकली. ऑलिंपिकमधल्या मुलींच्या वाट्याला ही शर्यत आली तेव्हा अशी साधने आधीच रुळलेली होती, याचा मला मनापासून आनंद वाटतो. पण ती यंत्रणा दोन्ही टोकांच्या पॅडसह, तंत्रज्ञांसह आणि संगणकासह येते. तालुक्याच्या गावातल्या क्लबला तिची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

बोटात घालायचा छोटा काउंटर, ज्याचे बटण प्रत्येक टर्नला अंगठ्याने दाबायचे असते, तो एकट्याने सराव करणाऱ्यासाठी ठीक आहे. मनगटावरची घड्याळे हाताच्या हालचालीवरून टर्न ओळखतात. तलावाची लांबी बरोबर घातली आणि सलग फ्रीस्टाइल पोहले तर त्यांची मोजणी बरीचशी विश्वासार्ह असते, पण बोर्ड धरून फक्त पाय मारले की ती गोंधळतात, कारण हात हललेलाच नसतो, आणि गर्दीच्या तलावात मध्येच थांबावे लागले तर एक लेंग्थ वाढवून टाकतात. स्पर्धेत मात्र यांपैकी काहीच उपयोगाचे नाही. पोहणाऱ्याला शर्यतीदरम्यान माहिती किंवा खूण पोहोचवणारे उपकरण अंगावर घालणे नियमांत बसत नाही, आणि ज्या मुलाला सरावात घड्याळ पाहायची सवय लागली आहे त्याला काठावरचा आकडा वाचायची सवय वेगळी लावावी लागते. म्हणून आमच्याकडे ८०० मीटरच्या पुढचा प्रत्येक सलग सराव आठवड्यातून एकदा तरी काउंटर लावूनच होतो. त्यात एका लेनमध्ये दोघे असतात तेव्हा दोन वेगळ्या रंगांच्या चौकटी लागतात. एकाच रंगाचे दोन फलक शेजारी धरले तर मागून येणारा मुलगा हमखास पुढच्याचा आकडा वाचतो.

समुद्रात पोहण्याची तयारी करणाऱ्यांसाठी हा काउंटर अपुरा पडतो, हेही नोंदवायला हवे. आपल्या किनाऱ्यावर ही परंपरा मोठी आहे आणि संक रॉक ते गेटवे ऑफ इंडिया या अंतरासाठी तयारी करणारी मुले तलावात सलग ५ किलोमीटर पोहतात, म्हणजे ५० मीटरच्या १०० लेंग्थ. आकडे ६५ पर्यंतच असल्यामुळे त्यांच्यासाठी आम्ही दर १००० मीटरला मोजणी १९ पासून नव्याने सुरू करतो आणि हजार पूर्ण होताना घंटा देतो. तसेच केशरी पान, जे १५०० मीटरच्या शर्यतीत आम्ही मुळीच वापरत नाही कारण नियमाला १ हा आकडाच अपेक्षित आहे, ते या लांब सरावात ‘पाणी प्यायला थांब’ या खुणेसाठी उपयोगी पडते.

टिकाऊपणाबाबत माझे समाधान आहे. चौकटी आणि पाने क्लोरीनला दाद देत नाहीत. कड्या मात्र साध्या लोखंडाच्या असतील तर एका पावसाळ्यात गंजतात आणि गंजलेल्या कडीवर पान अडते, म्हणून स्टेनलेस स्टीलच्या कड्या आहेत ना हे पाहूनच घ्यावे, नसतील तर स्टेशनरीच्या दुकानातून बदलून घ्याव्यात. वापरानंतर गोड्या पाण्याने धुऊन, पाने उघडी पसरून सावलीत वाळवावीत. मिटून पेटीत ठेवली तर ती एकमेकांना चिकटून बसतात आणि पुढच्या स्पर्धेत पहिल्याच टर्नला त्रास देतात.

आठ लेनसाठी आठ काउंटर एकदम घेणे लहान क्लबला जड जाते. तसे असेल तर चार घ्यावेत आणि लांब पल्ल्याच्या हीट चार-चारच्या कराव्यात, पण निम्म्या लेनना काउंटर आणि निम्म्यांना तोंडी ओरडून सांगणे असा प्रकार एका हीटमध्ये कधीही करू नये, कारण पाण्यात डोके घातलेल्याला ओरडणे ऐकू येत नाही. सगळे काउंटर एकाच बनावटीचे असावेत, आणि शक्य झाल्यास एक जास्तीचा असावा, जो शर्यत चालू असताना मुख्य टर्न जजच्या पायाशी २९ वर लावून तयार ठेवलेला असेल.